मुकं कापड

ओन्नी निएमीच्या घरी शिकारीचे कपडे घरात राहत नसत. घरात माणसं राहतात. माणसं कांदा परततात, कॉफी उकळतात, सुवासिक साबणाने अंग धुतात, आणि यातलं काहीही हरणाच्या नाकापासून लपत नाही. म्हणून ते कपडे मागच्या लाकडांच्या खोपटात एका जुन्या पेटीत असत, फरच्या झाडाच्या ताज्या डहाळ्या आणि मेपलची वाळकी पानं यांच्यामध्ये, बाळंतिणीला जपावं तसे जपलेले. उन्हाळा उतरला की डहाळ्या बदलायच्या, आणि त्याही हात ओढ्याच्या वाळूने घासूनच. हा कायदा ओन्नीच्या बायकोचा, इर्याचा होता. लग्नाआधीपासून ती धनुष्याने शिकार करत होती आणि ओन्नीला तिनेच शिकवलं होतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ओन्नीला त्याची लाज कधी वाटली नाही.

आमच्या या उत्तरेच्या रानात, सुपीरिअर सरोवराच्या काठाला, बंदूकवाले पैशाला पासरी. त्यांचं काय, भडक नारिंगी टोपी घालून तंबाखू थुंकत बसले तरी चालतं, लांबून धडाड केलं की झालं. धनुष्यवाल्याला हरीण इतकं जवळ येऊ द्यावं लागतं की त्याच्या पापण्या दिसाव्यात. तेवढ्या जवळ त्याला आणायचं तर सगळी मदार कपड्यांवर. वास नको, चकाकी नको आणि आवाज तर मुळीच नको.

इर्याची कापडाची परीक्षा ठरलेली होती. डोळे मिटायचे, बाही कानाशी न्यायची आणि दोन बोटांत चोळायची. मग ती निकाल सांगायची, ‘मुकं आहे’ किंवा ‘बोलतंय’. गावातल्या दुकानदाराने एकदा ओकच्या पानांची छपाई असलेलं नवं जाकीट मोठ्या तोऱ्यात तिच्यापुढे टाकलं. तिने कानाशी चोळलं, घडी घातली आणि परत दिलं. “हे तर निवडणुकीला उभं राहिल्यासारखं बोलतंय,” म्हणाली. लोकर सोडून तिने दुसरं काही अंगाला लावलं नाही. शिवाय डावी बाही हाताला घट्ट हवी, कारण धनुष्याची सुटलेली दोरी तिथूनच जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात ओन्नी तिचं न ऐकता भावाचा ढगळ कोट घालून गेला होता. दोरी बाहीला अडकली, बाण भूर्जाच्या बुंध्यात गेला, आणि हरणाच्या नराने त्याच्याकडे एकदा बघून सावकाश पाठ फिरवली. ही गोष्ट इर्याने त्यानंतर प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयताला सांगितली होती.

अशी ही बाई.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या दुपारी, उद्या हंगाम उघडणार अशा दुपारी, ओन्नी सरपण घेऊन परतला आणि मागच्या दोरीवर शिकारीचे कपडे वाळत घातलेले बघून थांबला. दोघांचे कोट, दोघांच्या विजारी, आतले लोकरीचे सदरे, मोजे, टोप्या, सगळं ओळीने लटकत होतं. वाऱ्यावर लायलॅकच्या फुलांचा वास येत होता. लायलॅक वसंतात फुलतो. हा वास धुण्याच्या यंत्रातल्या साबणाचा होता, आणि कपडे मऊ करणाऱ्या त्या निळ्या पाण्याचा. गरम पाण्याने लोकर आटून कोटांच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या. माणसाला दिसत नाही पण हरणाला दिसते अशी साबणाची चमक त्यात बसली असणार, ती तर आता कशानेच जायची नाही.

त्याने सरपण खाली ठेवलं आणि तो तिथेच ओंडक्यावर बसला.

त्याचं काय होतं, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात इर्या चर्चमधून घरी येताना रस्ता चुकली होती. मग एकदा कॉफीच्या भांड्यात नुसतंच पाणी उकळत राहिलं. शेजारणीचं नाव दोनदा विसरली. ओन्नीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. रस्त्याचं काम चाललंय, झोप झाली नाही, आणि त्या शेजारणीचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहेच कुठे. पण त्यांची मुलगी कायसा, ती लांब मिलवॉकीला असते, तिने ऑगस्टमध्ये बापाला बाजूला घेऊन शब्द घेतला होता. “बाबा, एक जरी खरी खूण दिसली तर मला सांगायचं. लपवायचं नाही. मग आईला डॉक्टरकडे न्यायचं आणि रानात धनुष्य बंद. तिच्या बाणांना वस्तऱ्यासारखी पाती असतात, बाबा.” ओन्नीने शब्द दिला होता. कायसा या रविवारी येणार होती.

आणि हीच ती खरी खूण. रस्ता कोणीही चुकतो. पण इर्याने शिकारीचे कपडे फुलांच्या साबणात धुवावेत, हे कुठल्याच उत्तरात बसत नव्हतं. कायसाला सांगितलं तर उद्याचं रान गेलं, कदाचित इर्यासोबतचं रानच संपलं. न सांगावं, तर पोटच्या पोरीला दिलेला शब्द मोडला.

निदान इर्याच्या नजरेला पडायच्या आत हे काढून टाकावं म्हणून तो उठला, चिमटे काढू लागला, आणि स्वयंपाकघराचं दार वाजलं. इर्या पिठाचे हात पुसत पायऱ्या उतरली. तिच्या वेलची घातलेल्या, वेणीसारख्या गुंफलेल्या पावाची कणीक फुगत होती, ती खुशीत होती. दोरीपाशी आली आणि थांबली. नाक वर केलं. मग आपल्याच कोटाची आटलेली बाही हातात घेतली.

“हे कोणी केलं?” तिने विचारलं.

ओन्नीला विचार करायला वेळच मिळाला नाही. “मी,” तो म्हणाला.

इर्याने त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. वाऱ्याने एक पायमोजा तिच्या खांद्याला लागत होता, तो तिने बाजूला केला नाही.

मग जी तिने तोफ डागली, ती शेजारच्या शेतातही ऐकू गेली असणार. “अरे गाढवा! तुला अक्कल आहे का? अरे, पोराटोरांना कळतं ते तुला म्हातारपणी कळू नये? लायलॅक! हरणांना काय वाटेल, नवरी आलीय रानात? आणि हा कोट बघ, हा आता कायसाच्या बाहुलीला घाल! तरी आई म्हणाली होती, निएमींच्या घरात देऊ नका पोरगी, त्या सगळ्यांच्या डोक्यात भुसा असतो!”

“चुकलं माझं,” ओन्नी म्हणाला.

“चुकलं म्हणे! चुकायला सुद्धा डोकं लागतं!”

जन्मभरात त्याने एवढ्या आनंदाने शिव्या खाल्ल्या नव्हत्या. ही अगदी त्याची इर्या होती, काही हरवलेलं नव्हतं, सगळं जागच्या जागी. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि ती थांबायला लागली तेव्हा त्याने हळूच विचारलं, “मला वाटलं थोडं स्वच्छ केलेलं बरं, नाही?” की तिचं पुन्हा सुरू.

संध्याकाळी कायसाचा फोन आला. “सगळं ठीक?” तिने विचारलं. ओन्नी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “ठीक. तुझी आई मला झोडपतेय.” कायसा हसली. तिचं ते सुटल्यासारखं हसणं ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली, तरी त्याने पुढे काही सांगितलं नाही.

मग दोघं सौनात, परसातल्या वाफेच्या लाकडी खोलीत, जाऊन बसले. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सगळेच बसतात, साबण न लावता, नुसत्या वाफेने अंगातला माणूस काढून टाकायला. तापलेल्या दगडांवर इर्याने पाणी टाकलं, वाफेने खोली भरली आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला. वाफेतून फक्त आवाज येत होता. तो आवाज वीस वर्षांच्या मुलीचाही असू शकला असता. आवाज विचारत होता की उद्या घालायचं काय.

“कायसाने दिलेलं जाकीट आहे ना माझं,” ओन्नी म्हणाला. “नवंकोरं. कधी घातलं नाही.”

“ते बोलतं.”

“थोडंसंच बोलतं.”

“थोडंसं बोलणारा माणूस कधी बघितलायस? एकदा तोंड उघडलं की संपलं.” तिने दगडांवर आणखी पाणी टाकलं. “ओन्नी, या सौनाच्या बाहेरच्या खोलीत बाकाखाली तुझ्या वडिलांची लष्करातली पांघरुणं आहेत ना?”

“पांघरूण घेऊन शिकारीला जायचं?”

“ती करडी आहेत. लोकर आहे. साबण त्यांनी कधी बघितलेला नाही, तुझ्या वडिलांसारखंच. आणि वास असेल तर धुराचा आणि इथे टांगलेल्या भूर्जाच्या पानांचा. तो तर रानाचाच.” ती उठली, दार उघडलं, आणि वाफेसकट बाहेर गेली. ओन्नीला क्षणभर वाटलं की ती तशीच विरून जाईल. पण बाहेरून तिचा हुकूम आला, की दिवा घेऊन ये.

सकाळी ती बाहेरच्या खोलीतच शिवायला बसली. घरात नको, घरात वेलची होती. तिने पांघरूण कानाशी चोळलं, डोळे मिटून, आणि मान हलवली. मुकं. कात्री चालू लागली. ओन्नी बाकावर बसून बघत होता. खिडकीतून ऊन आत येत होतं, त्यात लोकरीचे तंतू तरंगत होते, आणि तिचे हात कुठेही न अडखळता जात होते. बटणं नाहीत, धातूचं काही टिचकतं म्हणून. चामड्याच्या वाद्या बांधायच्या. डाव्या बाहीला आतून दुहेरी शिवण. मग चुलीतला कोळसा घेऊन तिने त्या करड्या कापडावर आडवेतिडवे पट्टे ओढले, कारण रानात एकरंगी असं काही नसतं, एकरंगी दिसलं की हरणाला माणूस दिसतो. हे सगळं ती स्वतःशी पुटपुटत होती, जपमाळ ओढावी तसं. ज्या बाईला हे सगळं येतं, तिचं काय बिघडलंय, असं ओन्नी मनाशी म्हणत होता. एखादी दुपार निसटली असेल हातातून. दुपारच ती.

“ये, घालून बघ,” ती म्हणाली.

त्याने अंगरखा चढवला. तो खांद्यापाशीच अडला. त्याने पुन्हा ओढला, छातीवर वाद्या एकमेकींपर्यंत पोचतच नव्हत्या. माप घेताना तिने टेप हातात घेतलाच नव्हता, तिला त्याचं माप पाठ होतं. पण हे माप ओन्नीचं नव्हतं. म्हणजे होतं, पण भूर्जात बाण मारणाऱ्या ओन्नीचं.

इर्या सुई हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. “तू केव्हा एवढा फुगलास रे?” तिने विचारलं.

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, हे त्याला कळेना. त्याने तिच्या डोळ्यांत शोधलं. तिथे एक शांत, किंचित नवल होतं, झोपेतून उठलेल्या मुलासारखं. “तुझ्या पावांनी,” तो म्हणाला. मग ती हसली, आणि उरलेल्या कापडाची पट्टी कापून दोन्ही काखांखाली जोडून दिली. ओन्नीने धनुष्य ओढून दाखवलं. बाहीने हूं की चूं केलं नाही.

इर्याने स्वतःसाठीही तसाच अंगरखा शिवला, आणि दुपार कलल्यावर दोघं निघाले. कोसळलेल्या हेमलॉक वृक्षाच्या उपटलेल्या मुळांपाशी त्यांची जुनी जागा होती, पुढे ओढ्याची पाऊलवाट आणि मागे मुळांची भिंत. वारा सरोवराकडून तोंडावर येत होता. धनुष्य इर्याच्या मांडीवर. ओन्नीने आपलं आणलंच नव्हतं, पाठ दुखते म्हणून सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याला तिच्याकडे बघायचं होतं, आणि वेळ आलीच तर तिचा हात धरायचा होता. बाणाला लावलेलं पातं उन्हात दिसू नये म्हणून तिने ते पानाखाली धरलं होतं. हे तर ती विसरली नव्हती.

पिवळी पानं पडत होती. एक पडायचं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. जंगल हळूहळू माणसांना विसरलं. एक खार इर्याच्या बुटावरून गेली. धुराच्या आणि जुन्या भूर्जाच्या वासात ओन्नीचे डोळे जड झाले. शेजारी इर्या होती. ती तिशीतली होती, केस टोपीत कोंबलेले, नाकाच्या शेंड्यावर कोळशाचा डाग. मग ती पन्नाशीतली होती. मग ती कोण आहे हे त्याला नीट सांगता येईना, आणि त्याने काही बिघडतही नव्हतं, उजेड सगळ्याजणींवर सारखाच पडत होता. तिला असंच होत असेल का, त्याच्या मनात आलं. असं असेल तर ते भीतीचं नव्हतं. मग लगेच वाटलं, झोपेत आपण कुठेही जाऊ, आपल्याला परत यायला वाट असते. तिला ती एक दिवस राहणार नाही. आणि तो खडबडून जागा झाला, पण हलला नाही.

वाटेवर नर उभा होता.

केव्हा आला कोण जाणे. मान उंच, शिंगांवर सालीचे धागे, नाकपुड्या हलत होत्या. त्याने सरळ त्यांच्याकडे बघितलं. नराने करडं लाकूड बघितलं, करडी मुळं बघितली, धूर हुंगला, आणि त्याला त्यात कुठे माणूस सापडला नाही. त्याने मान खाली घातली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

इर्याने धनुष्य उचललं. ओन्नीच्या मनात आलं, हिला आत्ता काय करायचं ते आठवेल ना? तिचा कोपर मागे गेला, खांदा फिरला, दोरी गालाला टेकली. सगळं अंग ओढलं गेलं आणि कापडाचा कणभरही आवाज झाला नाही. मग दोरी सुटली, बाहीला स्पर्श न करता. नर उसळला, नेच्यांमध्ये शिरला, पलीकडे काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा पानं पडू लागली.

आता थांबायचं. बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नसतं, जनावराला शांतपणे खाली बसू द्यायचं असतं. इर्याने धनुष्य मुळाला टेकवलं, पाठ मुळांना लावली आणि हात पांघरुणात घेतले. तिचा चेहरा लाल झाला होता. ओन्नीला इतका आनंद झाला की त्याला रडूच यायला लागलं. रविवारी कायसाला हेच सांगायचं, त्याने ठरवलं. तुझ्या आईने काय बाण मारला, हे. आणि दुसरं काही नाही.

“ओन्नी,” इर्या म्हणाली. “कपडे मी धुतले ना?”

“नाही गं. मी.”

“मला धुतल्याचं आठवत नाही. खूप शोधलं डोक्यात, नाही सापडत.” ती वाटेकडेच बघत होती. “पण घरात माणसं दोन. आणि त्यातल्या एकाला यंत्राचं बटण कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नाही.”

ओन्नी बुटावरचं पान झटकू लागला.

“सांग, कुठे आहे बटण?”

“वर,” ओन्नी म्हणाला. “वरच असणार.”

“खाली आहे, ओन्नी.”

ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. त्याने तिचा हात पांघरुणाखाली शोधला. “मग काल एवढं का बोललीस मला?” त्याने विचारलं. “माहीत होतं तर?”

“तुझं तोंड बघितलं होतंस का तू? मी ओरडायला लागले आणि तू असा खुलत गेलास. मग म्हटलं, घे.” ती हसली, मग थांबली. “ओरडता ओरडता मलाही बरं वाटत होतं. वाटलं, हे तर येतंय अजून.”

ओन्नी रडला. गुपचूप नाही, खांदे हलवून, लहान मुलासारखा. इर्याने त्याला रडू दिलं. आजूबाजूला हरीण नव्हतं, आता आवाज झाला तरी चालत होता.

“मला भीती वाटते रे,” ती म्हणाली. “रात्री नाही वाटत, सकाळी वाटते. उठल्यावर.” मग तिने नाक पुसलं. “रविवारी कायसाला तू सांग. मी तुझ्या शेजारी बसते, पण तोंडाने तू सांग. धनुष्य ठेव म्हणाली तर ठेवू. पोरगी काही चूक नाही सांगत.”

“आणि तोवर?”

“तोवर कसलं काय? उद्या सकाळी तू यंत्रापुढे उभा राहायचंस. कुठला साबण, कुठलं पाणी गरम, कुठलं गार, लोकर कशी धुवायची, पावाची कणीक किती फुगू द्यायची, सगळं. मला येतंय तोवर शिकून घे.”

ती मुळाला धरून उठली, त्याच्या काखेखालची पट्टी ओढून सारखी केली, आणि धनुष्य घेतलं. उजेड अजून होता. दोघं रक्ताच्या मागावर निघाले, ती पुढे आणि तो तिच्या मागे.